भट्टीत एकजीव होणारी काच

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजन समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे : तू भट्टीत ते काचेचं काहीतरी करतेस, त्याबद्दल बोल. सकाळी चहाच्या वेळी आमच्या वर्गातल्या एकीनं विचारलंच, "काऊन बाप्पा, काच फुंकते का तू?" तेव्हा आधी तेवढं स्पष्ट करते. मी काच फुंकत नाही. फुंकणारा कारागीर मधासारखी वितळलेली काच पोकळ नळीच्या टोकावर घेतो आणि हवा भरून तिला आकार देतो. चर्चच्या खिडक्यांत रंगीत काचेची चित्रं असतात, तीही मी करत नाही. त्यात काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले असतात, ते एकमेकांना चिकटलेले नसतात. माझं काम या दोन्हींहून वेगळं आहे. काच थंड असतानाच कापायची, तुकडे नक्षीप्रमाणे मांडायचे, मांडणी विजेच्या भट्टीत ठेवायची, आणि भट्टीनं ते सगळे तुकडे वितळवून त्यांची एक अखंड काच करायची. याला फ्यूजिंग म्हणतात. आजच्या बोलण्यात मी साधं 'काच सांधणं' म्हणेन.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. या मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय भेट द्यावी याची चर्चा सुरू आहे. नावं कोरलेली स्वागत कमान बांधावी असा एक विचार आहे. माझी विनंती वेगळी आहे. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात एक मजबूत टेबल, काच कापायची चार हत्यारं आणि एक छोटी विजेची भट्टी द्यावी, असं मला वाटतं. का वाटतं, ते कळायला आधी काच कशी वागते ते पाहावं लागेल.

काच म्हणजे मुळात वाळू. खिडकीच्या काचेत साधारण 72 टक्के सिलिका असते, म्हणजे गारगोटीत असते तीच. तिला वितळायला लागणारी उष्णता कमी व्हावी म्हणून सोडा घालतात आणि पाण्यानं ती विरघळू नये म्हणून चुना घालतात. कोबाल्टनं ती निळी होते, लोखंडानं हिरवट, मँगनीजनं जांभळी, आणि अगदी थोड्या सोन्यानं गुलाबी. खिडकीची काच कडेनं पाहिली तर हिरवी दिसते ना, ती वाळूतल्या लोखंडामुळे.

बर्फ शून्य अंशाला वितळतो. काचेला असा एक ठरलेला अंश नाही. ती तापत जाते तशी हळूहळू मऊ होते. मी वापरते ती काच 650 अंशांच्या आसपास आपल्याच वजनानं वाकू लागते. त्या वेळी खाली मातीचा साचा असेल तर सपाट काचेची वाटी होते. 740 अंशांच्या सुमारास तुकडे एकमेकांना चिकटतात, पण त्यांचे उंचवटे हाताला लागतात. 805 अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की सगळे थर एक होतात आणि पृष्ठभाग तळ्यासारखा सपाट होतो. म्हणजे एकाच मांडणीतून तीन वेगळ्या वस्तू होऊ शकतात, आणि फरक असतो तो फक्त तापमानाचा आणि वेळेचा.

या तापमानाला काचेचा आणखी एक स्वभाव दिसतो. वितळलेली काच सुमारे 6 मिलिमीटर जाडीची व्हायला बघते. 3 मिलिमीटरची एकच शीट पूर्ण तापवली तर ती आक्रसून कडेनं जाड होते. तीन-चार थर ठेवले तर ती पसरते आणि नक्षी सोबत ओढून नेते. दोन थर ठेवले तर जागच्या जागी राहते. म्हणून आमची बहुतेक कामं 3 मिलिमीटरच्या दोन थरांची असतात.

आता नक्षीकडे येते. या कामातले शब्द इंग्रजी आहेत, पण ते समजायला आपलं स्वयंपाकघर पुरतं. बारीक दाणे केलेली काच म्हणजे रवा. त्याहून बारीक म्हणजे पीठ. काचेच्या दोऱ्यासारख्या बारीक कांड्या मिळतात, त्या हुबेहूब शेवया. पिठाची नक्षी रांगोळीसारखीच करतात. काचेवर जाळी ठेवायची, वरून चाळणीनं रंगीत पीठ पाडायचं, जाळी अलगद उचलायची. काचेचं पीठ श्वासात जाता कामा नये, म्हणून तोंडावर चांगला मास्क हवा आणि टेबल कोरड्या झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसायला हवं.

सगळ्यात जुनी आणि माझ्या आवडीची रीत अळूवडीची आहे. अळूवडीत आपण पानावर पीठ लावतो, त्यावर दुसरं पान, मग गुंडाळी, आणि कापल्यावर प्रत्येक वडीत तेच भोवरे दिसतात. काचेचंही तसंच. वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत त्यांची जाड लादी करायची. ती निवल्यावर हिऱ्याच्या पात्याच्या करवतीनं, वर पाणी सोडत, तिचे काप काढायचे. प्रत्येक कापावर आतली रेघांची नक्षी दिसते. ते काप आडवे, उभे, उलटेपालटे मांडायचे आणि पुन्हा भट्टीत घालायचे. गोधडीत ठिगळं जुळवावीत तशी पट्ट्यांपट्ट्यांची नक्षी तयार होते. या एका ताटलीसाठी भट्टी तीनदा लागते : एकदा लादीसाठी, एकदा काप सांधण्यासाठी, एकदा साच्यात वाकवण्यासाठी.

ही रीत नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठचे कारागीर रंगीत काचेच्या कांड्यांचे काप शेजारीशेजारी मांडून, भट्टीत सांधून नक्षीच्या वाट्या करत होते. पुढे फुंकण्याची कला आली. फुंकलेली वाटी भराभर होते आणि स्वस्त पडते, त्यामुळे भट्टीत मांडून करायची काच मागे पडली.

आपल्या दख्खनेतही काचेवर काच बसवण्याचं काम चालत होतं, आणि ते कुणाच्या हातात होतं तर बांगडी करणाऱ्यांच्या. 1945-46 साली कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा बहामनी काळाच्या थरांत काचेच्या बांगड्या मोठ्या संख्येनं सापडल्या. मध्ययुगातल्या दख्खनी बांगड्यांत एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाचे पट्टे आणि ठिपके गरम असतानाच बसवलेल्या बांगड्या आहेत. या दीक्षितांचं नाव आर्वीकडच्या मंडळींनी तरी लक्षात ठेवावं. वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावर रुक्मिणीचं माहेर म्हणतात ते कौंडिण्यपूर, तिथल्या उत्खननाचा अहवाल त्यांचाच. तो 1968 साली निघाला, आणि लगेच पुढच्या वर्षी त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ मुंबई विद्यापीठानं प्रसिद्ध केला.

आता या कलेतली खरी अडचण सांगते. दुकानातून लाल काच आणली, दुसऱ्या दुकानातून निळी आणली, दोन्ही भट्टीत ठेवल्या. छान चिकटल्या, बाहेर काढल्या, सगळ्यांनी वा वा केलं. त्यानंतर तासाभरानं किंवा आठवड्यानंतर, कुणी हात लावलेला नसताना, कपाटात ठेवलेली ताटली कट्ट आवाज करून दुभंगते. आणि तडा जातो तो बहुधा दोन रंगांच्या सांध्याजवळून.

कारण आठवीच्या विज्ञानातलं आहे. तापलं की पदार्थ वाढतो, निवला की आकसतो, पण प्रत्येक पदार्थ सारखा आकसत नाही. सांधकामाच्या काचांना 90, 96 असे आकडे दिलेले असतात. 90 आकड्याची एक मीटर लांब पट्टी 100 अंशांनी तापवली तर 0.9 मिलिमीटर वाढते. 96 आकड्याची 0.96 मिलिमीटर वाढते. फरक पाहायला गेलं तर काहीच नाही. आता या दोन काचा सांधून 30 सेंटिमीटरची ताटली केली, असं समजा. 500 अंशांपासून घरातल्या तापमानापर्यंत येताना एक काच दुसरीपेक्षा मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा जास्त आकसत नाही. साधारण वहीच्या पानाच्या जाडीएवढाच तो फरक. पण काच रबरासारखी ताणली जात नाही, आणि तेवढ्या फरकानं तिच्यात इतका ताण साठतो की ताटली फुटते.

विसाव्या शतकात ही कला पुन्हा उभी राहिली ती या एका प्रश्नाचं उत्तर मिळाल्यावर. क्लाउस मोये नावाचा जर्मन काच-कलावंत रंगीत कांड्या कापून नक्षीच्या वाट्या करत असे. 1979 साली तो अमेरिकेत पिलचक इथल्या काचशाळेत शिकवायला गेला. तिथे त्याची गाठ पडली बॉइस लुंडस्ट्रॉम याच्याशी. लुंडस्ट्रॉम आणि त्याच्या दोन जोडीदारांनी 1974 साली पोर्टलंड शहरात बुल्सआय नावाचा काचेचा छोटा कारखाना काढला होता. मोयेनं त्याच्याकडे एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा मागितल्या. कारखान्यानं त्या तयार केल्या. प्रत्येक रंग तपासून, जुळतो अशी खात्री करून शीट विकायला सुरुवात झाली, आणि भट्टीतली काच घरोघरच्या कारागिरांच्या आवाक्यात आली. मोये 1982 साली ऑस्ट्रेलियात कॅनबराला गेला, तिथल्या कलाशाळेत त्यानं काचेचा विभाग उभा केला, आणि त्यातून या कामाची एक पिढीच तयार झाली.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आकडा सारखा आहे म्हणून दोन काचा जुळतीलच असं नाही. काच किती अंशांवर घट्ट होते, यावरही जुळणं अवलंबून असतं. त्यामुळे शेवटी करून पाहावंच लागतं, आणि ती चाचणी या शाळेतही करता येईल. बिनरंगी काचेच्या पट्टीवर ज्या रंगाची शंका आहे त्याचा छोटा तुकडा सांधायचा. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करायचा. त्याच्यासमोर ती पट्टी धरायची आणि पोलराइज्ड गॉगलच्या काचेतून पाहायचं. गॉगलची काच फिरवत पडदा काळा दिसेपर्यंत आणायची. काचेत ताण नसेल तर पट्टीही काळीच दिसते. ताण असेल तर तुकड्याभोवती चंद्राला खळं पडावं तसा उजेड दिसतो. डोळ्यांना एरवी कधीच न दिसणारा ताण असा समोर येतो. ध्रुवित प्रकाश हा धडा मी पाठ करून परीक्षा दिली होती. तो असा उपयोगी पडतो हे मला भट्टीनं शिकवलं.

काचा जुळल्या तरी काम संपत नाही. भट्टी सर्वोच्च तापमानाला असते फक्त दहा-पंधरा मिनिटं. एका भट्टीचा बाकी सगळा वेळ, म्हणजे बारा-चौदा तास, तापायला आणि मुख्य म्हणजे निवायला जातो. आपल्याकडे गरम चहाच्या ग्लासावर थंड पाणी पडलं की तो तडकतो, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. भट्टीतली काच एकदम निवली तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो. आतला भाग अजून गरम असतो. तो मागाहून आकसायला लागतो तेव्हा बाहेरचा थर त्याला आकसू देत नाही. ही ओढाताण काचेत तशीच राहून जाते. वरून काच गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. म्हणून माझ्या काचेला 500 अंशांच्या आसपास तासभर थांबवावं लागतं, म्हणजे आतबाहेर तापमान सारखं होतं आणि ताण सुटतो. तिथून पुढे ताशी 80 अंशांच्या बेतानं 370 पर्यंत उतरवायचं, मग भट्टी बंद करायची आणि झाकण न उघडता वाट बघायची. याला अ‍ॅनीलिंग म्हणतात. आईच्या भाषेत, निववणं. आणि जाडी दुप्पट झाली तर निवण्याचा वेग निम्मा करून भागत नाही, तो साधारण चौथाईवर आणावा लागतो. वाटी एका दिवसात निवते. हाताच्या पंजाएवढ्या जाडीचा काचेचा ठोकळा असेल तर भट्टी कित्येक आठवडे गुंतून पडते.

निववताना वीज गेली तर काय, हा प्रश्न वर्ध्यात कुणीही विचारेल. छोटी भट्टी वीज गेल्यावर हवी त्यापेक्षा लवकर निवते आणि काचेत ताण राहतो. पण तुकडा तडकला नसेल तर तो वाया जात नाही. वीज आल्यावर पुन्हा सावकाश 500 पर्यंत न्यायचा, तासभर थांबायचं, पुन्हा हळू उतरवायचा. साठलेला ताण निघून जातो. एकच काळजी घ्यायची : घाईनं झाकण उघडून बघायचं नाही.

आता माझ्या मागणीकडे येते, आणि तिच्यावरचा आक्षेप मीच आधी मांडते. मी वापरते ती जुळणारी रंगीत काच अमेरिकेतून येते. खिडकीच्या काचेच्या कितीतरी पट तिची किंमत. मग आपल्या शाळेतल्या शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांना हा श्रीमंती छंद कशाला?

हा आक्षेप वर्ध्याच्या मातीतला आहे आणि मला तो पटतो. 1934 साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथेच मगनवाडीत सुरू झाला. जे. सी. कुमारप्पा तिथे बसून प्रत्येक धंद्याला हेच विचारत : कच्चा माल कुठला? तो संपणारा की पुन्हा मिळणारा? करणाऱ्याच्या हातात काय उरतं? 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी उघडलेलं मगन संग्रहालय आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिलं आहे. तिथे मांडलेल्या प्रत्येक वस्तूमागे हे प्रश्न होते. परदेशी काचेवर उभी राहिलेली हस्तकला या कसोटीला उतरणार नाही, हे मी मान्य करते.

पण वर्ध्यातच मिळणाऱ्या काचेचं काय? मुख्य बाजारात खिडक्यांच्या, शोकेसच्या काचा कापून देणारी दुकानं आहेत. त्यांच्याकडे रोज कडेचे तुकडे उरतात. एकाच शीटमधून कापलेले सगळे तुकडे एकमेकांशी जुळतात, कारण ती एकच काच असते. खिडकीची काच 830-850 अंशांना सांधली जाते आणि तिला 540-550 अंशांच्या आसपास निववावं लागतं. एक बारीकसारीक गोष्ट पाळावी लागते. आजची खिडकीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. ही रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं 1959 साली जाहीर केली. त्यामुळे शीटच्या एका बाजूला कथलाचा अगदी पातळ अंश राहतो आणि ती बाजू तापल्यावर कधीकधी धुरकट होते. म्हणून बाजू ओळखून मांडणी करावी लागते. बाटल्यांचंही असंच आहे. एकाच बाटलीचे तुकडे आपसांत जुळतात, दोन वेगळ्या कारखान्यांच्या बाटल्या जुळतीलच असं नाही.

रंगाशिवाय नक्षी कशी, असं विचाराल. दोन थरांमध्ये तांब्याची तार किंवा पातळ पत्रा घातला तर लालसर आणि हिरवट-निळ्या छटा येतात. चिमूटभर खाण्याचा सोडा पेरला तर बुडबुड्यांची रांग उमटते. काचेवर भाजायचे रंग पातळ थरात चालतात. आणि एक प्रयोग खास आपल्यासाठी. पातळ, वाळवलेलं पान दोन काचांमध्ये ठेवायचं. भट्टीत पान जळून जातं, पण त्यातल्या क्षारांची पांढरी राख शिरांसकट तिथेच राहते आणि काचेत कायमची बंद होते. कपाशीचं पान मी असं करून पाहिलं आहे. पाच बोटांचं ते पान काचेत पाहिलं की आपल्या जिल्ह्यातल्या कुणालाही ओळख पटवून द्यावी लागत नाही.

भट्टीही मोठी नको. 3 किलोवॅटची भट्टी गीझरच्या 16 अँपियरच्या सॉकेटवर चालते, वेगळी लाइन ओढावी लागत नाही. ती सारखी पूर्ण ताकदीनं चालत नाही, ठरलेलं तापमान गाठलं की आपोआप बंद-चालू होत राहते. तिच्या फरशीला अ‍ॅल्युमिना आणि चिनी मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काच चिकटत नाही. भिंतीपासून अंतर, जवळ पाण्याची बादली न ठेवणं, डोळ्यांवर चश्मा, पायांत बूट, आणि भट्टी सुरू असताना जबाबदार शिक्षक हजर : एवढे नियम भिंतीवर लावले आणि पाळले की पुरतं.

या कामानं मुलांना लगेच रोजगार मिळेल असं मी सांगणार नाही. काचेचा धंदा उभा करणं किती अवघड असतं हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगाव दाभाड्यात काचेचा कारखाना निघाला. परदेशात काच शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा केला. या कारखान्याची माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तिथे कंदिलाच्या चिमण्यांबरोबर माणसं तयार झाली. तिथे शिकलेले लोक देशातल्या इतर काच कारखान्यांत गेले. कराडजवळ 1916 साली ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील आपल्या आजोबांच्या ओसरीवर टांगलेला होता.  आज ते कंदील आठवणीत उरले आहेत. धंदे बदलतात. वस्तू काळजीपूर्वक करण्याची सवय लागलेली माणसं मात्र दुसऱ्या कामातही उपयोगी पडतात.

याच गावात 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकण्याची कल्पना देशापुढे आली. नई तालीम ती हीच. आम्ही शाळेत असताना कार्यानुभवाच्या तासाला खडू केले, लिफाफे चिकटवले, आणि बाईंचं लक्ष नसताना गप्पा मारल्या. त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्या तासात चूक झाली तर काय चुकलं ते वस्तूच सांगेल, असं काम नव्हतं. काच ते सांगते. कधी निवण्याला वेळ कमी पडला, कधी काच जुळणारी नव्हती, कधी पानात ओल राहिली, हे तुकड्यावर दिसतं. प्रत्येक भट्टीची नोंद वहीत करायची : किती वाजता किती अंश, किती वेळ थांबलो, काय निघालं. पन्नास भट्ट्यांची अशी वही म्हणजे खरी प्रयोगवही, कारण तिच्यातले आकडे शेजारच्याच्या वहीतून उतरवता येत नाहीत.

विकण्यासारखं काय होईल, हे विचारणाऱ्यांसाठी : घरावरच्या नावाच्या पाट्या, देवघरातली पणतीखालची ताटली, दारावरच्या झडपेची काच. आणि सगळ्यांत जवळचं गिऱ्हाईक ही शाळाच आहे. दर वर्षी स्नेहसंमेलनात आणि सत्काराला आपण बाजारातून स्मृतिचिन्हं आणतो. आज इथे दिलेल्या चिन्हांवर सोनेरी प्लॅस्टिकचा कप आहे. पुढच्या मेळाव्यात पाहुण्यांच्या हाती दहावीच्या मुलींनी केलेली, कपाशीचं पान असलेली काच द्यावी, असं मला वाटतं.

कमानीला माझा विरोध नाही. कमान झाली तर मीही तिच्याखालून जाईन आणि आपल्या तुकडीचं नाव शोधेन. पण निधी एकाच कामाला पुरणार असेल तर आधी भट्टीचा विचार व्हावा. मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. ग्रामोद्योगातल्या तंत्राचं काम तिथे चालतं, त्यांचा सल्ला आपण मागू शकतो. भट्टी आली तर उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी आठ दिवस मी इथे येऊन राहीन आणि विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर पहिल्या काही भट्ट्या लावून देईन. मे महिन्यात मात्र बोलावू नका. वर्ध्याच्या 46 अंशांत त्या 800 अंशांशेजारी बसायची माझी तयारी नाही.

समितीनं हा विषय संध्याकाळच्या बैठकीत घ्यावा, एवढीच विनंती. नमुन्याचे काही तुकडे मी बाहेरच्या टेबलावर मांडले आहेत. हात लावून बघा, उजेडात धरून बघा. कडा घासलेल्या आहेत, बोट कापणार नाही.